दादाने सांगितलं म्हणून

४ फेब्रुवारी

ती. दादास,

पत्राला कारण आहे, नाहीतर तुला लिहायची मला हौस नाही. फोनच करणार होतो, पण आईचा नियम आठवला. आपण दोघांनी एकाच संध्याकाळी आपापल्या घरचे फोन आपटून फोडले, तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही फोनवर बोलू नका रे, पत्रं लिहा. लिहिताना माणूस स्वतःची शिवी दोनदा वाचतो." आई गेली, नियम राहिला. एका परीने बरंच आहे, पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

तर ऐक. गेल्या मंगळवारी दुकानात काच कापत होतो. शाळेच्या कुठल्यातरी जुन्या तुकडीचा भलामोठा फोटो फ्रेम करायला आला होता. अर्ध्यावर असताना छातीवर कुणी पोतं ठेवावं तसं झालं आणि डावा हात जड पडला. काच हातातून सुटली नाही, खाली मीच बसलो. शेजारच्या शिंप्याने घरी कळवलं. तू जिला धाकटी म्हणतोस ती माझी बायको दहा मिनिटांत रिक्षा घेऊन हजर. दवाखान्यात मनगटातून तार घालून तपासणी केली. समोरच्या पडद्यावर माझं हृदय दिसत होतं. तीन वाहिन्या अडल्यात म्हणाले. त्यातली एक डावीकडची मुख्य, सत्तर टक्के बंद. शुगर पंधरा वर्षांची आहेच.

इथे डॉक्टर दोन. एक तरुण आहे, तो स्टेंट घालतो. दुसऱ्या सर्जनबाई, त्या बायपास करतात. मला वाटलं दोघं आपापला माल विकतील. तसं नाही. बाई म्हणतात ऑपरेशन, आणि स्टेंटवालाही म्हणतो, "तुमच्या बाबतीत ऑपरेशन बरं. हट्टच असेल तर स्टेंट मी घालून देईन. ठरवायचं तुम्ही." आता मी काय ठरवणार? सोनेरी पट्टी लावू की काळी एवढं ठरवायला गिऱ्हाईक माझ्या दुकानात अर्धा तास उभं राहतं, आणि इथे दोन-तीन आठवड्यांत छातीचा निकाल लावायचा.

तू दहा वर्षांपूर्वी छाती फाडून बायपास करून घेतलीस, म्हणून विचारतो. तुझं ऐकणार नाही हे तुलाही माहीत आहे. तू म्हणालास विज्ञान घे, मी चित्रकला घेतली. म्हणालास फ्रेमच्या धंद्यात पोट भरत नाही. पोट भरलं, वर सुटलंही. म्हणालास ही मुलगी तुला शोभत नाही; महिन्याभरात लग्न केलं. प्रत्येक वेळी तू तोंडावर पडलास. तेव्हा तू काय म्हणतोस ते कळलं, की निदान काय करायचं नाही ते तरी कळेल.

बारक्या


१० फेब्रुवारी

बारक्या,

तुला हृदय आहे हे शेवटी यंत्राने सिद्ध केलं. आमच्या घरात त्याबद्दल शंकाच होती. तीन वाहिन्या अडल्या म्हणजे तू कामही व्यवस्थित केलं आहेस. एरवी कुठलीही गोष्ट अर्धवट सोडायची तुझी सवय.

बायपास कशी असते ते विचारलंस. ऐक मग. छातीचं हाड मधोमध करवतीने कापतात. तुझी फ्रेमची पट्टी कापायची करवत असते ना, तिची मोठी बहीण. मग दोन्ही बाजू फाकवून तसंच धरून ठेवतात. पायातली शीर उपसून काढतात आणि अडलेल्या जागेला वळसा देऊन जोडतात. हाड तारेने बांधतात. ही तार माझ्या छातीत अजून आहे, थंडीत कळते. जाग येते तेव्हा घशात नळी असते आणि बोलता येत नाही. तुझ्या बाबतीत हा फायदाच धरावा लागेल. पहिले तीन दिवस, गेलो असतो तर सुटलो असतो असं वाटायचं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. शिंक आली तर छाती उसवते की काय असं वाटतं. दीड महिना कुशीवर झोपायचं नाही, तीन महिने भरलेली बादली उचलायची नाही. तुझी वहिनी तेव्हा होती म्हणून निभावलं. मी लहान मुलासारखा रडायचो आणि ती मला लहान मुलासारखीच रागवायची.

स्टेंट म्हणजे त्यामानाने खेळ. तार घालायची, टोकाला बारका फुगा, फुगा फुगवला की जाळीची नळी उघडते आणि भिंतीला चिकटून बसते. दोन दिवसांत माणूस घरी येऊन पुन्हा बायकोवर खेकसायला मोकळा.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू काय केलं होतंस ते मी विसरलेलो नाही. माणसं फळं घेऊन भेटायला येत होती. तू पार्सलने फ्रेम पाठवलीस, दहा बाय बारा, काचेसकट, आणि आत चिठ्ठी: "तुझ्या निवृत्तीच्या फोटोचं माप घेतलंय. लागली नाही तर परत पाठव, गिऱ्हाईक मिळेल." टाक्यांवर हात ठेवून हसलो आणि दोन टाके तुटले. ती फ्रेम अजून माझ्या पलंगासमोर आहे, रिकामीच. रोज सकाळी तिच्याकडे बघून म्हणतो, आज नाही. आता तुला हवी असेल तर सांग. माप थोडंफार जमेल, आपली डोकी सारखीच मोठी आहेत, फरक आत काय आहे याचा.

सल्ला असा हवेत देत नाही. चाळीस वर्षं मी बाजारातले वजनकाटे तपासून दुरुस्त केले. काट्यावर वजन पडल्याशिवाय आकडा सांगत नाही. सगळ्या रिपोर्टांच्या प्रती पाठव.

दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,

रिपोर्टांच्या प्रती सोबत आहेत. सीडीपण घातली आहे.

तुझं पत्र वाचून धाकटी दोन दिवस तुझ्या नावाने धुसफुसते आहे. मला म्हणाली, सख्खा भाऊ असं लिहितो? मी हसलो. मग ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी उशी छातीशी धरली आणि शिंकायचं सोंग करून पाहिलं. एकदा नाही, तीनदा.

दादा, आता जरा नीट लिहितो. मला भीती वाटते. मरायची वाटते, नाही असं नाही. पण त्याहून जास्त ती करवतीची वाटते. मी रोज कापाकापी करतो. पट्टी एकदा चुकीच्या कोनात कापली की कोपरा कधीच बंद होत नाही, कितीही भुसा-सरस भरा, फट दिसतेच. माणसाचं हाड पुन्हा तसंच बसत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. सर्जनबाई चांगल्या आहेत. कागदावर चित्र काढून समजावतात, आणि चित्र बरं काढतात. म्हणाल्या, शुगर असलेल्या माणसाच्या स्टेंट घातलेल्या वाहिन्या पुन्हा लवकर अडतात, तीन-तीन असतील तर ऑपरेशनवाले जास्त वर्षं जगतात, हे हजारो रोग्यांवरून दिसलंय. मी मान डोलावली. घरी आलो आणि सगळं विसरलो, फक्त करवत लक्षात राहिली.

लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. परवा माझ्या शर्टाची वरची दोन बटणं लावून देताना तिचा हात छातीवर थोडा वेळ तसाच राहिला.

महिनाअखेरपर्यंत ठरवा म्हणालेत, त्यापुढे थांबू नका. तेव्हा लवकर लिही. या वेळी थट्टा नको. तुला काय वाटतं ते सरळ सांग.

बारक्या


२२ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझे रिपोर्ट मिळाले. मी ते दोनदा वाचले आणि माझ्या डॉक्टरांनाही दाखवले. रोज सकाळ-संध्याकाळ याच गोष्टीचा विचार करतो आहे.

मला वाटतं, तू स्टेंट घालावेस. माझ्या वेळी हे तंत्र इतकं पुढे गेलेलं नव्हतं. आज माझ्यावर वेळ आली असती तर मीही तेच केलं असतं. छाती उघडण्याचा त्रास तुला झेपेल असं मला वाटत नाही, आणि झेपलाच पाहिजे असंही नाही. घाबरू नकोस. त्या तरुण डॉक्टरांकडे जा, दोन दिवसांत घरी ये, गोळ्या वेळेवर घे.

धाकटीला सांग, मागच्या पत्राचा राग धरू नकोस म्हणावं. लेकीला आशीर्वाद. स्वतःला जप.

तुझा,
दादा


९ मार्च

ती. दादास,

बस. झालं. ज्या गोष्टीसाठी महिनाभर घरात कुणाला घास गोड लागत नव्हता, ती सव्वा तासात उरकली. मी जागाच होतो. डॉक्टर मला क्रिकेटचा स्कोअर सांगत होते. दोन वाहिन्यांत स्टेंट बसले. तिसरी फार कडक झालीय, तिच्यात तार जाईना, तिला गोळ्यांवर ठेवू म्हणाले. तिसऱ्या दिवशी घरी. आज दुकानात तासभर बसून आलो. दुकानात शिंपी, वरचा पेपरवाला, सगळे जमले आणि मनगटावरचा ठिपका बघून म्हणाले, एवढंच?

आता एक सांगतो, हसू नकोस. दादा, मी जन्मात पहिल्यांदा तुझं ऐकलं. तुझं पत्र आलं ते मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून वाचलं. एक शिवी नाही. एक टोमणा नाही. वर "प्रिय", खाली "तुझा". मी पाकीट उलटून नाव तपासलं, चुकून दुसऱ्याचं तर आलं नाही ना म्हणून. आणि मग मला काय झालं कोण जाणे, छप्पन्न वर्षांचा घोडा पायरीवर बसून रडलो. एवढ्या वर्षांत तू मला कधी "जप" म्हणाला नव्हतास.

सगळ्यांना सांगतोय, दादाने सांगितलं म्हणून केलं. सांगताना बरं वाटतं रे. थोरला भाऊ असणं म्हणजे काय ते आत्ता कळतंय.

तुझा,
बारक्या


१४ मार्च

बारक्या,

तुझं पत्र आत्ता मिळालं. नियम मोडून तुला चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस.

नीट वाच आणि वाद घालू नकोस. ते रिपोर्ट घेऊन उद्याच्या उद्या त्या सर्जनबाईंकडे जा. त्यांना विचार, आता स्टेंटनंतर बायपास करता येईल का आणि किती दिवसांनी. तिसरी वाहिनी तशीच सोडली म्हणतोस ते मला अजिबात पसंत नाही. रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत, घड्याळ लावून घे. दुकानात बसू नकोस. काच उचलू नकोस. दम लागला, जबडा दुखला, घाम फुटला तर कुणाला विचारत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

मी जे लिहिलं ते चुकलं असं समज. ऑपरेशनच करून घे. तू गाढव आहेस, तुला कुणी सांगितलं होतं माझं ऐकायला?

दादा


२० मार्च

दादा,

फोन मुद्दामच उचलला नाही. त्या गोड पत्रानंतर फोनवर भांडून ते बिघडवायचं नव्हतं.

तुझं पत्र वाचलं. शेवटी सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. आयुष्यात एकदा तुझं ऐकलं, तर तेही तुला पचेना. मी "हो" म्हटलं की तुझं "नाही" तयार. मी ऑपरेशन करून घेतलं असतं तर लिहिलं असतंस, गाढवा, स्टेंट का नाही घातलेस. मला आता कळतं, तुला माझं बरं-वाईट काही नकोच असतं, तुला फक्त वर राहायचं असतं.

मला बरं आहे. जिने चढतो, दोन वेळा जेवतो. सर्जनबाईंकडे जाणार नाही. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?

ते आधीचं पत्र मी पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलंय. ज्याने ते लिहिलं त्याच्याशी माझं पटेल असं वाटलं होतं. त्याला सवड झाली की लिहायला सांग. तोवर तुझी पत्रं नकोत, आली तर न उघडता परत पाठवीन.

बारक्या


२ मे

ती. भाऊजी यांस,

तुम्ही आलात, दोन दिवस राहिलात आणि कुणाशी एक अक्षर न बोलता परत गेलात. तुमची तब्येत बिघडली असेल म्हणून काळजी वाटते. आमच्या सगळ्यांच्या गोंधळात तुम्हाला नीट काही सांगताच आलं नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी हे सकाळी नेहमीसारखे दुकानात गेले. गोळ्या घेतल्या होत्या, मी स्वतः हातावर दिल्या. अकराच्या सुमाराला शिंपी काहीतरी मागायला गेले तर हे कापायच्या टेबलावर डोकं टेकून बसलेले. त्यांना वाटलं डुलकी लागली. दवाखान्यात म्हणाले, मुख्य वाहिनीतल्या स्टेंटमध्ये गुठळी झाली, सगळं नियमित घेऊनही एखाद्याला होतं. मी विचारलं, ऑपरेशन केलं असतं तर? ते तरुण डॉक्टर खाली बघून म्हणाले, खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, पण आम्ही दोघांनी सल्ला तोच दिला होता.

भाऊजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांचे ते पाच-सहा आठवडे फार चांगले गेले. करवत टळली म्हणून लहान मुलासारखे खूश होते. येईल त्याला सांगायचे, दादाने सांगितलं म्हणून केलं. शेवटच्या पत्रात तुम्हाला टाकून बोलले, ते मला कळल्यावर मी रागावले. म्हणाले, लिहीन गं पुढच्या महिन्यात, जरा झुरू दे त्याला.

परत पाठवलेली तुमची दोन पत्रं तुम्हाला मिळाली असतीलच. लेकीने तुमची ओळख सगळ्यांना करून दिली ते तुम्ही पाहिलंत. हेच माझे काका, बाबांनी शेवटी यांचंच ऐकलं, असं ती प्रत्येकाला सांगत होती. तिला त्याचा फार आधार वाटतो. येत जा.

तुमची,
धाकटी


११ मे

धाकटीस,

पत्राच्या डोक्यावर तुझ्यासाठी "सौ." हे एक अक्षर लिहायची चाळीस-एक पत्रांची सवय आहे. ते अक्षर आज लिहिता येत नाही, आणि ते माझ्यामुळे गेलं. हे वाचून तुला मला काय म्हणायचं ते म्हण.

मी त्याला खोटं लिहिलं. रिपोर्ट आले त्याच दिवशी मी माझ्या डॉक्टरांकडे गेलो. पाच मिनिटं लागली नाहीत. म्हणाले, तीन वाहिन्या, त्यात मुख्य, वर इतक्या वर्षांची शुगर. यात निवडायला काही नाहीच, बायपास. एखादा म्हातारा, ऑपरेशन झेपणार नाही असा असता, किंवा एकच वाहिनी अडलेली असती, तर मीही स्टेंट म्हणालो असतो. तुमच्या भावाला सांगा, उशीर करू नका.

घरी येऊन मी पत्र लिहिलं: बायपास कर. आणि फाडलं. मी कर म्हटलं की तो करणार नाही, ही माझी आयुष्यभराची खात्री. मी त्याला विज्ञान घे म्हटलं, कारण त्याचा हात चित्रकलेत होता आणि आई त्याला कारकून करायला निघाली होती. दुकानाला नाही म्हटलं, कारण मी हो म्हटलं असतं तर त्याने ते सोडून दिलं असतं. तुला पाहून आलो तेव्हा आईला म्हणालो होतो, याहून चांगली मुलगी याला मिळणार नाही. आणि त्याला म्हणालो, तुला शोभत नाही. तुझं लग्न मी असं लावलंय. चाळीस वर्षं मी हा डाव खेळलो, एकदाही चुकला नाही. मग या वेळी का चुकेल, असा मला माज होता.

म्हणून उलटं लिहिलं. स्टेंट घाल. दोन-चार शिव्या नेहमीसारख्या घालायच्या होत्या, म्हणजे तो चिडला असता आणि तडक ऑपरेशनला गेला असता. पण समोर त्याचा रिपोर्ट होता, आणि पहिल्या पत्रात मी त्याला करवतीच्या नावाने मजेमजेत घाबरवून ठेवलं होतं. शिवी सुचेना. जप, असं आपोआप लिहिलं गेलं.

चाळीस वर्षं मी दुकानदारांचे काटे तपासले. वजनात दांडी मारणाऱ्याला मी चारचौघांत चोर म्हणायचो. सख्ख्या भावाच्या जिवाचं वजन करताना मी स्वतः दांडी मारली.

तू परवानगी देशील तर मी येऊन हे लेकीला सांगतो. तिने मला हाकलून दिलं तरी चालेल. मला तुमच्या घरात ते कौतुक ऐकवत नाही.

दादा


१९ मे

ती. भाऊजी यांस,

तुमचं पत्र मिळालं. तीन दिवस उशाखाली होतं, आता उत्तर लिहिते.

तुमचा डाव ह्यांना पहिल्यापासून माहीत होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला म्हणाले होते, दादा मला उलटं सांगतो, म्हणजे मी सुलटं करीन. त्याला वाटतं मला कळत नाही. वाटू दे, तेवढंच त्याचं सुख. तुमचं प्रत्येक पत्र हे उलटं करून वाचायचे आणि हसायचे. तुम्ही कधी चुकला नाहीत, ते म्हणूनच.

ते पत्र आलं तेव्हा मी विचारलं, हे पण नेहमीसारखं उलटंच वाचायचं ना? म्हणाले, नाही. यात शिवी नाही. मी त्याला सरळ सांग म्हटलं होतं. जिवाशी दादा खेळणार नाही. मी पुन्हा विचारलं तर माझ्यावर ओरडले. लग्नानंतर दोनदाच ओरडले असतील, त्यातलं हे एक.

आणि एक गोष्ट त्यांनी तुम्हाला लिहिली नव्हती, लाज वाटली असेल. तुमचं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं सर्जनबाईंकडे जाऊन ऑपरेशनला होकार देऊन आलो होतो. त्यांनी पुन्हा चित्र काढून दाखवलं, ह्यांनी त्यात एक रेघ सुधारली आणि सही केली. अठ्ठावीस फेब्रुवारीची तारीख मिळाली होती. पिशवी मी भरून ठेवली होती, त्यात खोकताना धरायची उशी घातली होती. तुमचं पत्र आलं आणि तारीख रद्द केली. तुम्ही काहीच लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

लेकीला तुम्ही काही सांगायचं नाही. तिच्या लेखी तिचे बाबा जाता जाता भावाचं ऐकून गेले, आणि तिच्याकडे आता तेवढंच आहे. ती दर रविवारी तुम्हाला फोन करणार आहे. पुढे काय शिकू, कुठे नोकरी धरू, सगळं काकांना विचारून करीन म्हणते. तुम्ही फोन उचलायचा, गोड बोलायचं, आणि बाबांचं नाव काढून तिने तुमचे आभार मानले की ते ऐकून घ्यायचे. खरं बोलून मोकळं व्हायची सोय मी तुम्हाला करून देणार नाही.

पुढच्या महिन्यात त्यांचा मोठा फोटो लावायचा आहे. दुकान बंद आहे, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या दुकानातून फ्रेम आणायला मन होत नाही. तुमच्या पलंगासमोरची घेऊन या. दहा बाय बारा म्हणालात, मी फोटो मापून पाहिला, बरोबर बसतो. पार्सलने पाठवू नका, स्वतः आणा. काच त्यांच्या हातची आहे, वाटेत तडा जाऊ देऊ नका.

धाकटी